बुलेट की नंबर? मॅन्युअल आणि एसओपी लिहिणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की टीममधे दोन मतं आहेत. एक जण म्हणतो प्रत्येक लिस्टला नंबरच द्या म्हणजे मीटिंगमधे बोट ठेवून बोलता येतं, दुसरा म्हणतो नंबर फक्त स्टेप्सना, बाकी सगळीकडे बुलेट (ओळीच्या आधीचा ठिपका), आणि मॅन्युअलमधे सध्या जो लिहील त्याच्या मनाप्रमाणे दोन्ही चालू आहे. सोबत तुम्ही फिल्टर बदलायच्या सूचनांचा एक तुकडा दिलाय, त्याच्याकडे पुढे येतोच. मी बरीच वर्षं मॅन्युअल, एसओपी (एखादं काम करायची ठरलेली पद्धत लिहिलेला कागद), हेल्पची पानं हेच लिहितोय आणि दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासतोय, त्यामुळे जरा लांबलचक उत्तर देतो, कारण "क्रम असेल तर नंबर, नसेल तर बुलेट" हे जे सगळे एका ओळीत सांगतात ते बरोबर असलं तरी अर्धंच आहे.

नंबर दिसला की वाचक तुम्हाला न विचारता काहीतरी गृहीत धरतो. एक तर याच क्रमाने करायचंय, किंवा पहिलं ते सगळ्यात वरचं, मोठं, चांगलं, किंवा मग या मुद्द्याला नंबर दिलाय म्हणजे पुढे कुठेतरी या नंबराने त्याचा उल्लेख येणार. या तिन्हीपैकी एकही खरं नसेल तर नंबर देऊन तुम्ही त्याला खोटी माहिती दिलीत, आणि तो बिचारा "तिसऱ्याच्या आधी दुसरं का बरं" याचं कारण शोधत बसतो. बुलेटचंही तसंच, बुलेट म्हणजे हे सगळे मुद्दे एका पातळीचे, एकमेकांच्या जागा बदलल्या तरी काही बिघडत नाही असा अर्थ लागतो. तेव्हा पानावर काय छान दिसतंय हा विचार बाजूला ठेवा आणि वाचक यातून काय गृहीत धरेल आणि ते खरं आहे का एवढंच विचारा.

सोपी चाचणी म्हणजे मुद्दे मनातल्या मनात पिसून बघायचे. पिसल्यावर काम बिघडलं, मशीन बिघडलं, अर्थ बदलला, तर नंबर. काहीच फरक पडला नाही तर बहुतेक बुलेट. बहुतेक म्हणतोय कारण उल्लेखासाठी दिलेले नंबर या चाचणीत पकडले जात नाहीत, म्हणजे मीटिंगचे मुद्दे, कराराच्या अटी, क्लायंटला मेलमधे विचारलेले पाच प्रश्न. त्या पाच प्रश्नांना क्रम काही नसतो पण नंबर द्यायलाच हवेत, कारण उत्तर देणारा माणूस मोबाइलवरून "१ हो, २ नाही, ४ बद्दल उद्या सांगतो" असं लिहिणार, आणि बुलेट दिलेत तर त्याला प्रत्येक प्रश्न परत लिहावा लागेल, जे तो करणार नाही, मग तुम्हाला तीनच उत्तरं मिळतील आणि ती कोणत्या प्रश्नांची ते ओळखत बसावं लागेल. म्हणजे तुमच्या टीममधला "बोट ठेवता येतं" म्हणणारा माणूस चूक नाहीये, त्याचं म्हणणं ज्या कागदावर चर्चा होते त्या कागदासाठी शंभर टक्के खरं आहे. मॅन्युअलमधे मशीनसोबत बॉक्समधे काय काय येतं त्या यादीवर कोणी मीटिंग घेत नाही, तिथे नंबर कशाला?

उल्लेखाच्या नंबरांचा विषय निघालाच आहे तर इथे एक धोका आहे जो फार लोकांच्या लक्षात येत नाही. ऑटोमॅटिक नंबरिंग असलेल्या यादीतला तिसरा मुद्दा काढला की चौथ्याचा तिसरा होतो. स्टेप्सच्या लिस्टमधे हे छानच आहे, तेच हवं असतं. पण ज्या यादीचे नंबर कागदाच्या बाहेर पडलेत, मेलमधे गेलेत, टेस्ट रिपोर्टमधे गेलेत, दुसऱ्या डॉक्युमेंटमधे "मुद्दा ७ प्रमाणे" असं कोणी लिहून ठेवलंय, तिथे नंबर हलले की गोंधळ झालाच. रिक्वायरमेंटची यादी, अटींची यादी, सापडलेल्या चुकांची यादी, अशा याद्यांना ऑटो नंबर देऊच नका, हाताने पक्का ओळख क्रमांक द्या, मुद्दा रद्द झाला तर त्याच्या जागी "वगळले" असं लिहा आणि नंबर तसाच राहू द्या. कायद्यांमधे बघा, १२ आणि १३ च्या मधे नवीन कलम घालायचं असेल तर १२अ येतं, १३ चं १४ करत नाहीत, कारण १३ म्हणून त्याचा उल्लेख कुठे कुठे झालाय ते कोणालाच पूर्ण माहीत नसतं.

आता तुमचा तुकडा. तुम्ही पाठवलाय तसाच इथे ठेवतो.

• मशीनचा मेन स्विच बंद करा
• झाकणाचे दोन्ही स्क्रू काढावेत
• झाकण उघडेल
• जुना फिल्टर काढणे
• नवीन फिल्टर बसवा आणि झाकण लावून स्क्रू घट्ट करा व स्विच चालू करा
• हिरवा दिवा लागेल
• स्विच चालू असताना झाकण उघडू नये

इथे नंबर हवेत हे तर उघडच आहे, पण नुसते बुलेटच्या जागी १ ते ७ टाकून भागणार नाही, उलट जास्त वाईट होईल. कारण यातल्या सगळ्या ओळी स्टेप्स नाहीतच. "हिरवा दिवा लागेल" ही माणसाने करायची गोष्ट नाही, मशीन करणार आहे, तो आधीच्या स्टेपचा परिणाम आहे आणि त्याची जागा त्याच स्टेपच्या पोटात. "झाकण उघडेल" तर त्याहून घोळाचं, कारण ते आपोआप उघडतं की आपण उघडायचं हेच कळत नाही. मी तपासतो त्या मॅन्युअल्समधे सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच, परिणामाला नंबर देणं. वाचक स्टेप ६ वर येतो, "हिरवा दिवा लागेल", आणि वाट बघत उभा राहतो की आता मी काय करू.

शेवटची ओळ धोक्याची सूचना आहे आणि ती सगळं करून झाल्यावर येतेय. सूचना वाचत वाचत काम करणारा माणूस पुढचं आधी वाचून घेत नाही, एक वाचतो, करतो, मग पुढचं वाचतो. झाकण उघडून झाल्यावर त्याला कळणार की स्विच बंद असायला हवा होता. धोक्याची सूचना ज्या कृतीला लागू होते तिच्या आधी, नंबरांच्या बाहेर, वेगळी ठेवायची. पाचवी ओळ म्हणजे तीन कामं एकात कोंबलीयत. आणि क्रियापदं बघा, करा, काढावेत, काढणे, उघडू नये, एकाच लिस्टमधे चार तऱ्हा. मराठीत हे फार होतं कारण तिन्ही-चारही रूपं ऑफिसच्या भाषेत चालतात आणि लिहिताना खटकत नाहीत. एकदा "करा" धरलं की शेवटपर्यंत "करा". मी स्वतः स्टेप्ससाठी सरळ आज्ञार्थच घेतो, "करावे" वाचलं की ते करायलाच हवं की केलं तर बरं अशी शंका राहते.

मी असं लिहीन:

धोका: मेन स्विच बंद केल्याशिवाय झाकण उघडू नका.

१. मेन स्विच बंद करा.
२. झाकणाचे दोन्ही स्क्रू काढा आणि झाकण उघडा.
३. जुना फिल्टर बाहेर काढा.
४. नवीन फिल्टर बसवा.
५. झाकण लावा आणि दोन्ही स्क्रू घट्ट करा.
६. मेन स्विच चालू करा. हिरवा दिवा लागतो. हिरवा दिवा लागला नाही तर स्विच बंद करून स्टेप २ पासून पुन्हा करा.

दुसऱ्या नि पाचव्या स्टेपमधे दोन कृती आहेत हे तुम्ही म्हणाल. हो आहेत, पण हात तिथून हलत नाही, एका दमात होणारं काम आहे, ते तोडलं तर लिस्ट उगाच लांबते. एका स्टेपमधे एकच कृती हा नियम मी पाळतो तो मुख्यतः कधी, तर दोन कृतींच्या मधे माणसाला थांबायला लागत असेल, काही तपासायला लागत असेल किंवा जागा बदलायला लागत असेल तेव्हा. स्क्रू घट्ट करणं आणि स्विच चालू करणं यांच्यात मात्र फरक आहे, एक मशीनच्या झाकणापाशी आणि दुसरं स्विचपाशी, म्हणून ते वेगळं.

इथे नंबरचा एक उपयोग सांगायचा राहिला, जो माझ्या मते सगळ्यात मोठा आहे आणि क्रमाबिमापेक्षा वेगळा आहे. स्टेप्स वाचणारा माणूस सारखा कागदावरून नजर काढत असतो. वाचलं, वळला, मशीनवर काम केलं, परत कागदाकडे आला. परत आल्यावर त्याला आपण कुठे होतो ते शोधायचं असतं, आणि सगळ्या बुलेट दिसायला सारख्या असल्यामुळे तो एक तरी ओळ परत करतो किंवा एक तरी ओळ गाळतो. नंबर असला तर "४ झालं, ५" एवढं डोक्यात राहतं. फोनवरून कोणाला मदत करायची असेल तर अजूनच, "तुम्ही कितव्या स्टेपला आहात" हा प्रश्न बुलेटच्या लिस्टवर विचारताच येत नाही. म्हणून क्रम थोडा मागेपुढे झाला तरी चालेल अशा कामातसुद्धा, माणूस हाताने काम करत करत वाचणार असेल तर मी नंबर देतो.

उलट बाजू, स्टेप एकच असेल तर तिला "१." लावू नका. १ दिसलं की डोळा २ शोधतो, पान संपलं की काय, पुढचं पान गळलं की काय असं वाटतं. एका वाक्यात लिहा, किंवा तुमच्या मॅन्युअलमधे प्रत्येक कामाखाली लिस्टच असते अशी पद्धत असेल तर तिथे एक बुलेट चालेल.

दोन मार्ग असतील, म्हणजे "हे मॉडेल असेल तर असं, ते असेल तर तसं", तर ते स्टेप ३ आणि स्टेप ४ म्हणून लिहू नका, वाचक दोन्ही करेल. स्टेप ३ च्या पोटात दोन बुलेट घ्या आणि प्रत्येकीची सुरुवात अटीने करा, "जुनं मॉडेल असेल तर…". अट आधी, कृती नंतर. "बटण दाबा, जर दिवा लाल असेल तर" असं लिहिलं की वाचकाने बटण दाबून झालेलं असतं. बाहेर नंबर, आत बुलेट, हे जमतं. बाहेर बुलेट आणि आत नंबर असं व्हायला लागलं तर बहुतेक वेळा त्या बाहेरच्या बुलेट म्हणजे खरं तर मथळे असतात, त्यांना सरळ मथळे करून टाका. आणि तिसऱ्या पातळीवर गेलात तर थांबा, लिस्टमधे लिस्टमधे लिस्ट कोणी धड वाचत नाही.

बुलेटबद्दल लोकांना वाटतं की ते निर्धोक, काही सुचलं नाही की बुलेट टाका. मला ते तसं वाटत नाही. बुलेटचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे मुद्द्यांचं आपसातलं नातं गायब होतं. "खालील परिस्थितीत वॉरंटी लागू होणार नाही" आणि खाली चार बुलेट, हे ठीक, कुठलीही एक गोष्ट घडली की वॉरंटी गेली हे कळतं. पण "दुरुस्तीसाठी अटी" असं लिहून चार बुलेट दिलेत तर चारही हव्यात की एक पुरे? नंबर टाकूनही हे सुटत नाही, ते लिस्टच्या आधीच्या वाक्यातच सांगावं लागतं, "पुढच्या सगळ्या अटी पूर्ण हव्यात" किंवा "पुढच्यापैकी कोणतीही एक". वाचकाशी होणारे खरेखुरे वाद मी याच जागी सगळ्यात जास्त बघितलेत.

त्या आधीच्या वाक्याबद्दल अजून एक. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य अर्धवट तोडून मधे लिस्ट घातली की "लागतील" किंवा "आवश्यक आहे" हे शब्द लिस्टच्या खाली एकटेच लोंबकळत राहतात, "इन्स्टॉल करण्यासाठी तुम्हाला", मग चार बुलेट, मग खाली "लागेल". ते फार वाईट दिसतं आणि वाचायला तर त्याहून वाईट. वाक्य पूर्ण करा, "इन्स्टॉल करण्यासाठी या गोष्टी लागतील:" आणि मग लिस्ट.

नातं हरवण्याचं किती गंभीर होऊ शकतं याचं एक उदाहरण जगजाहीर आहे. कोलंबिया हे अंतराळयान १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता, आणि यान वर असतानाच इंजिनिअर्सनी त्याच्या धोक्याचा अंदाज स्लाइड्सवर मांडला होता. माहिती कशी मांडावी याचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्यातली एक स्लाइड उलगडून दाखवली, आणि चौकशी मंडळाने ते विश्लेषण आपल्या अहवालात घेतलं. स्लाइडचा मथळा धीर देणारा, त्याखाली बुलेटच्या आत बुलेट, आणि पार तळाशी, सगळ्यात खालच्या बुलेटमधे, ही गोष्ट की आदळलेल्या तुकड्याचा अंदाज १९२० घन इंच आणि चाचण्या झाल्या होत्या त्या ३ घन इंचाच्या तुकड्यावर. म्हणजे ६४० पट फरक. ही ओळ सगळ्यात वर, पूर्ण वाक्यात, "म्हणून या चाचण्यांवरून आपल्याला काहीच सांगता येत नाही" असं म्हणत यायला हवी होती. अपघात बुलेटमुळे झाला असं मी म्हणत नाहीये, कारणं पुष्कळ होती, पण "म्हणून", "पण", "त्यामुळे" हे शब्द बुलेटमधे सगळ्यात आधी गळतात हे त्या स्लाइडवर डोळ्यांना दिसतं. तेव्हा तुमच्या मुद्द्यांमधे कारण आणि परिणाम असेल, एक युक्तिवाद असेल, तर बुलेटही नको नि नंबरही नको, परिच्छेद लिहा. आणि प्रत्येक बुलेटमधे तेच तेच तीन तपशील येत असतील, नाव, माप, मुदत असे, तर ते टेबल आहे, लिस्ट नाही.

बुलेटच्या लिस्टला क्रम नसतो असं म्हटलं तरी पानावर कोणीतरी पहिलं येणारच, आणि वाचक पहिल्याला जास्त वजन देतो. तेव्हा विचार करून लावा. जास्त वेळा लागणारं आधी, किंवा वाचक नावाने शोधणार असेल तर अकारविल्हे. सुचलं तसं ठेवू नका. आणि बुलेटच्या जागी टिकमार्कचं चिन्ह सुंदर दिसतं म्हणून वापरू नका, टिक म्हणजे झालेलं काम. ज्यावर खरंच टिक करायचंय तिथे रिकामी चौकट द्या.

चेकलिस्ट हा तसा वेगळाच प्रकार, त्यात नंबर हवेत का हे लोक नेहमी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची चेकलिस्ट बघण्यासारखी आहे, २००८ साली आली, नंतरच्या रूपात तिच्यात १९ बाबी आहेत. त्या तीन टप्प्यांत वाटल्यात, भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला ऑपरेशन थिएटरमधून बाहेर नेण्याआधी. क्रम पक्का आहे तो टप्प्यांचा, आणि टप्प्याच्या आत चौकटींवर टिक करत जायचं, महत्त्वाचं हे की पुढच्या टप्प्याआधी त्या सगळ्या झाल्या पाहिजेत. तुमच्या एसओपीमधे पंचवीस-तीस स्टेप्सची लांब लिस्ट झाली असेल तर हेच करा, टप्पे पाडा, टप्प्याला मथळा द्या आणि प्रत्येक टप्प्यात नंबर परत १ पासून. फक्त मग उल्लेख करताना "स्टेप ३" नाही, "तयारी, स्टेप ३" असं लिहा.

लिस्टमधे सातपेक्षा जास्त मुद्दे नकोत असं कोणीतरी सांगेल आणि त्याला मानसशास्त्राचा आधार आहे म्हणेल. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा पेपर आहे तो, त्यात लक्षात ठेवण्याच्या क्षमतेबद्दल "सात, दोन कमी-जास्त" असं आहे. पण लिस्ट वाचकाच्या समोर छापलेली असते, त्याला पाठ करायची नसते, त्यामुळे तो आकडा इथे लावू नका. सुट्या भागांची यादी चाळीस ओळींची असली तरी चालते, शोधता आली म्हणजे झालं.

शेवटी सॉफ्टवेअरचं, कारण अर्धे घोळ तिथेच होतात. हायफन किंवा "१)" हाताने टाइप करून लिस्टसारखं दिसेल असं करू नका, प्रोग्रॅममधली खरी लिस्ट वापरा. ज्याला दिसत नाही असा माणूस स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) ऐकतो तेव्हा खरी लिस्ट असेल तर "लिस्ट, सहा आयटम" असं आधी कळतं, नकली लिस्टमधे नुसतं हायफन हायफन ऐकू येतं किंवा तेही नाही. वेब पानावर नंबरच्या लिस्टचा टॅग वेगळा, बुलेटचा वेगळा, दिसायला सारखं करता आलं तरी अर्थाप्रमाणेच टॅग घ्या. डिझायनरने सीएसएसमधून (वेब पानाचं रूप ठरवणारा कोड) बुलेट काढून टाकल्या असतील तर सफारीवर व्हॉइसओव्हर (ॲपलचा स्क्रीन रीडर) त्या यादीला बहुतेक वेळा यादी म्हणणंच सोडून देतो, हेही एकदा तपासा. मार्कडाउनमधे (साध्या चिन्हांनी मजकूर सजवायची पद्धत) स्टेप २ आणि ३ च्या मधे चित्र किंवा कोड आला आणि तो नीट आत सरकवला नसेल तर लिस्ट तिथे तुटते, आणि कधी कधी पुढची स्टेप परत १ होते, पब्लिश केल्यावर बघितल्याशिवाय कळत नाही.

वर्डमधे दुसरीकडून लिस्ट पेस्ट केली की नंबर आधीच्या लिस्टला जोडून ७, ८, ९ असे येतात, तिथे राइट क्लिक करून "रीस्टार्ट ॲट १" घ्या, हाताने नंबर खोडून लिहू नका. आणि "स्टेप ४ बघा" असं जिथे जिथे लिहाल तिथे ४ टाइप न करता क्रॉस रेफरन्स, म्हणजे त्या स्टेपच्या नंबरला जोडलेला उल्लेख, घाला. उद्या कोणीतरी मधे एक स्टेप वाढवेल, लिस्टचे नंबर आपोआप बदलतील, टाइप केलेला ४ मात्र तिथेच राहील आणि वाचकाला भलत्याच स्टेपवर पाठवेल. क्रॉस रेफरन्सही आपणहून लगेच बदलत नाही, फाइल पाठवण्याआधी कंट्रोल ए आणि मग एफ ९ दाबा म्हणजे मुख्य मजकुरातले सगळे अपडेट होतात.